कोल्हापुरातून डोंगरातल्या गावी बिऱ्हाड हलवायचे का? निर्णयाचे टप्पे, क्रमाने

पन्हाळा, आंबा, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड किंवा आंबोली यांपैकी एखाद्या ठिकाणी कुटुंबासह कायमचे राहायला जाण्याचा विचार करणारी कोल्हापुरातील बहुतेक घरे सुरुवातच चुकीच्या जागी करतात, म्हणजे जमीन पाहण्यापासून. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत एखाद्या रविवारी प्लॉट पाहिला जातो, मध्यस्थ विसाराची घाई करतो, विसार दिला जातो, आणि मग मुलांची शाळा, आईचे औषधपाणी आणि स्वतःची नोकरी या साऱ्या गोष्टी त्या विसाराच्या सोयीने बसवण्याचा खटाटोप सुरू होतो. त्यात पैसे अडकतात आणि घरात कटुताही येते.

खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे. घरातली माणसे आधी, पावसाळा मध्ये आणि जमीन अगदी शेवटी. कोणताही टप्पा गाळू नये आणि क्रमही बदलू नये, कारण आधीच्या टप्प्यावर मिळालेला नकार पुढच्या टप्प्यांचा सगळा खर्च वाचवतो. पूर्ण प्रक्रियेला किमान दोन वर्षे लागतील असे धरून चालावे.

## टप्पा १ : घरातील प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणे

सगळ्यांना एकत्र बसवून "जायचे का?" असे विचारल्यास खरे उत्तर मिळत नाही. ज्याने हा विषय काढला, तो बहुधा घरातला कर्ता असतो. त्याचा उत्साह दिसत असताना सून किंवा आजी उघडपणे नको म्हणत नाही, आणि दहावीतल्या मुलाला तर विचारलेच जात नाही. म्हणून प्रत्येकाशी वेगळे बोलावे आणि प्रत्येकाच्या नावाचे एक पान करावे. त्या पानावर तीन गोष्टी लिहाव्यात : आठवड्यातून किमान एकदा ज्यासाठी घराबाहेर पडावेच लागते ती कामे, ज्यांच्याशिवाय चालणार नाही अशी माणसे, आणि पुढच्या पाच वर्षांत होणारे ठाऊक असलेले बदल.

तिसरी गोष्ट सर्वाधिक वेळा राहून जाते. आज सहावीत असलेली मुलगी पाच वर्षांनी अकरावीत असेल आणि आज स्वतः स्कूटर चालवणारे सासरे तेव्हा कदाचित चालवत नसतील. निर्णय आजच्या कुटुंबाचा विचार करून घेतला जातो, पण त्या गावात राहायचे असते पाच वर्षांनंतरच्या कुटुंबाला.

इशारा : घरातील एका जरी प्रौढ व्यक्तीचा ठाम नकार असेल, तर मन वळवण्याचा प्रयत्न करण्याआधी त्या नकाराचे कारण लिहून घ्यावे. विशेषतः जी स्त्री शहरात नोकरी, शिकवणी किंवा शिवणकाम करून स्वतःचे पैसे मिळवते, तिचे ग्राहक आणि ओळखी डोंगरात सोबत येत नाहीत. "तिथेही काहीतरी करता येईल" हे त्याचे उत्तर होत नाही.

## टप्पा २ : अडवणारे प्रश्न आधी सोडवणे

आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न या तीन बाबतींत ठाम उत्तर मिळाले नाही तर पुढे जाऊ नये.

आरोग्याचा विचार किलोमीटरमध्ये करणे ही सर्रास होणारी चूक आहे. तो वेळेत करावा लागतो, तोही पावसाळी रात्रीच्या वेळेत. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी होऊन पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. लक्षण ओळखणे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येणे, घाट उतरणे, शहरातील रुग्णालय गाठणे आणि स्कॅन होणे हे सगळे त्याच साडेचार तासांत बसवायचे असते. डायलिसिस आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालते, त्यामुळे ते ज्यांना लागते त्यांच्यासाठी साठ-सत्तर किलोमीटरवरचे केंद्र म्हणजे आठवड्याचे दोन-तीन दिवस पूर्ण खर्ची घालणे होय. घरात हृदयरोगी, गर्भवती किंवा अपस्माराचा रुग्ण असेल, तर हा प्रश्न त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावा आणि त्यांनी नको म्हटल्यास तेथेच थांबावे.

कोल्हापूरकरांना जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी पाहण्याची सवय असते : ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. शहरात असताना हा आकडा प्रामुख्याने नदीकाठच्या गल्ल्यांचा असतो. गगनबावड्याला किंवा पन्हाळ्याला राहायला गेल्यावर तोच आकडा तुमच्या दवाखान्याच्या रस्त्याचा होतो. पुराच्या दिवसांत गगनबावडा रस्ता मांडुकलीसारख्या ठिकाणी पाण्याखाली जातो, रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ पाणी येते, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात तर पुणे-बंगळूर महामार्गही शिरोलीजवळ बंद पडला होता. घाटातील दरडींची चर्चा सगळे करतात, पण प्रत्यक्षात अडचण अनेकदा डोंगर उतरल्यावर सपाटीवरच्या नदीपाशी येते. म्हणून निवडलेल्या गावापासून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा असा दुसरा रस्ता शोधावा, जो तीच नदी ओलांडत नाही. तो नसेल, तर पूर ओसरेपर्यंत कोणत्या गावातील ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयावर भिस्त ठेवायची ते आधी ठरवावे. सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन तेथे ठेवलेले असते का, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे.

शिक्षणाच्या बाबतीत सातवीपर्यंतचे मूल सहसा रुळते. आठवीनंतर विचार अधिक काटेकोरपणे करावा, आणि नववीच्या मध्यापासून दहावीची परीक्षा होईपर्यंत बिऱ्हाड हलवूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. अकरावी-बारावी विज्ञानाचे वर्ग लहान गावांत मोजके असतात, त्यांतही प्रयोगशाळा आणि विषयशिक्षक प्रत्यक्ष आहेत का हे पाहावे लागते. प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांसाठी मूल पुन्हा कोल्हापुरातच वसतिगृहात ठेवावे लागणार असेल, तर तो खर्च आणि तो दुरावा आजच हिशेबात धरावा. शाळेत जाऊन तीन प्रश्न विचारावेत : गेल्या वर्षी किती शिक्षकांच्या जागा रिकाम्या होत्या, पावसाने शाळा किती दिवस बंद राहिली, आणि दहावीनंतर मुले कोठे गेली. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत उपयोगी पडते.

उत्पन्नाबाबत एकच नियम पाळावा. आज हातात असलेले, तेथे गेल्यावरही चालू राहणार हे लेखी ठरलेले उत्पन्नच मोजावे. कंपनीत घरून काम करण्याची तोंडी परवानगी म्हणजे लेखी हमी नव्हे. तसेच "वरच्या दोन खोल्या पर्यटकांना देऊ" हे उत्पन्न पहिली दोन वर्षे शून्य धरावे. शनिवार-रविवारी भरलेले दिसणारे होमस्टे मंगळवारी जाऊन पाहावेत.

## टप्पा ३ : गाव निवडणे

डोंगरातली गावे लांबून सारखी दिसली तरी राहण्याच्या दृष्टीने ती फार वेगळी आहेत.

पन्हाळा शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे, त्यामुळे नोकरी न सोडता राहता येईल असे हे जवळपास एकमेव ठिकाण आहे. मात्र गडावरची जागा मर्यादित आहे, बांधकामावर पुरातत्त्वाचे निर्बंध आहेत, आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यानंतर ते सैल होण्याची अपेक्षा ठेवू नये. गडावर जाणारा मुख्य रस्ता २०२१ च्या पावसाळ्यात खचून बंद पडला होता. गडाच्या पायथ्याची गावेही त्यामुळे विचारात घ्यावीत.

गगनबावडा हा जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा तालुका आहे आणि तालुक्याचे ठिकाण असले तरी बाजारपेठ लहान आहे. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट बंद पडले की कोकणाची बाजू तुटते आणि सारा भार कोल्हापूरच्या रस्त्यावर येतो. आंबा रत्नागिरी महामार्गावर असल्याने वाहतूक चालू असते, पण दैनंदिन गरजांसाठी मलकापूरला उतरावे लागते. राधानगरीला अभयारण्याच्या लगतच्या गावांत गव्यांचा वावर रोजचा आहे, आजरा-चंदगड पट्ट्यात त्यात हत्तींची भर पडते. परसबाग करण्याचा बेत असेल तर आधी शेजाऱ्याची बाग पाहावी.

पूर्ण कुटुंबासह, शाळकरी मुले आणि वृद्ध आईवडील घेऊन जाणाऱ्यांसाठी मला आजरा सर्वांत व्यवहार्य वाटते. येथे नगरपंचायत आहे, महाविद्यालय आहे, आठवडी बाजार भरलेला असतो, गडहिंग्लज जवळ आहे आणि संकेश्वर-बांदा महामार्ग गावातून जातो. चंदगडहून मोठ्या रुग्णालयासाठी कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते. मात्र राज्याची सीमा ओलांडल्यावर तुमची आरोग्य योजना किंवा विमा तेथील रुग्णालयात चालतो का, हे आधी विचारून घ्यावे. आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात येते, म्हणजे महसूल, शिक्षण आणि पोलीस ही सारी कामे घाटाखाली जातात. आंबोलीचा पाऊस तर गगनबावड्यालाही मागे टाकणारा आहे.

या टप्प्यावर दोनच गावे उरली पाहिजेत. तीन किंवा अधिक उरत असतील, तर दुसऱ्या टप्प्यातील उत्तरे पुरेशी ठाम नाहीत असे समजून परत मागे जावे.

## टप्पा ४ : पावसाळ्यातील मुक्काम

हा टप्पा सर्वाधिक वेळा टाळला जातो आणि सर्वाधिक पश्चात्तापही तो टाळल्यामुळेच होतो. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, सुट्टी न काढता, सगळ्या कुटुंबाने किमान दोन आठवडे त्या गावात राहावे. रिसॉर्टमध्ये राहू नये, कारण तेथे जनरेटर, स्वयंपाकी आणि कपडे वाळवण्याचे यंत्र असते, आणि तुम्हाला जे पाहायचे आहे ते नेमके झाकले जाते. गावातील साध्या घराच्या एक-दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात.

जुलैत डोंगरात सूर्य आठवडाभर दिसत नाही असे होते. धुतलेले कपडे चौथ्या दिवशीही ओलसर राहतात आणि त्यांना एक आंबूस वास येऊ लागतो. कपाटात ठेवलेल्या कातडी चपलांवर पांढरी बुरशी चढते, मीठ पाणी धरते, पापड मऊ पडतात, आणि पुस्तकांची पाने कडेने फुगतात. यातली कोणतीही गोष्ट एकेकटी मोठी नाही, पण सलग तीन महिने हे सारे सोसणाऱ्या माणसाच्या मनावर त्याचा परिणाम होतो. दमा किंवा संधिवात असलेल्यांना तो शरीरावरही जाणवतो. वृद्धांना या मुक्कामात सोबत नेणे अत्यावश्यक आहे. "पाऊस आहे, तुम्ही घरीच राहा" असे म्हणून त्यांना मागे ठेवले, तर चाचणीचा अर्धा हेतू फसतो.

मुक्कामात पुढील गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात.

१. वीज. दररोज किती तास जाते, आणि गेल्यावर किती वेळाने येते, याची नोंद ठेवावी. झाड पडून तार तुटल्यास दुरुस्तीला एक-दोन दिवसही लागू शकतात. इन्व्हर्टरची बॅटरी किती तास पुरते ते यावरून ठरवावे.

२. मोबाइल आणि इंटरनेट. किमान दोन कंपन्यांची सिमकार्डे न्यावीत आणि घराच्या आत, जेथे बसून काम करायचे आहे तेथेच वेग पाहावा. अंगणात पूर्ण रेघा आणि खोलीत एकही नाही, हे डोंगरात नेहमीचे आहे. वीज गेल्यावर टॉवर किती वेळ चालू राहतो, हेही पाहावे.

३. रुग्णालयाचा रस्ता. पाऊस कोसळत असताना, रात्री दहानंतर, गाडीने मोठ्या रुग्णालयापर्यंत एकदा जाऊन यावे. धुके, रस्त्यावर आलेली माती, वाटेतला बंद पेट्रोल पंप हे त्याच वेळी कळते. घरातील दुसरी व्यक्तीही हा रस्ता चालवू शकते का, हे तपासावे. एकच चालक असलेल्या घराने याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. नाला रस्त्यावरून वाहत असेल तर गाडी पाण्यात घालू नये; "आज जाता आले नाही" हीसुद्धा नोंदच आहे.

४. एसटी. शेवटची गाडी किती वाजता येते आणि पावसात ती किती वेळा रद्द होते, हे स्थानकावर विचारावे. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आणि गाडी न चालवणाऱ्या आजीसाठी घराबाहेर पडण्याचे ते एकच साधन असते.

५. छप्पर. भाड्याच्या खोलीत पाणी कोठून आत येते ते पाहावे. कौलारू घराची कौले दर वर्षी पावसाआधी चाळावी लागतात, माकडे असतील तर वर्षातून दोनदाही. शहरातले सपाट स्लॅब येथे पाझरतात; म्हणूनच गावकऱ्यांनी स्लॅबवरही उतरते पत्रे घातलेले दिसतात.

पडताळा : दोन आठवड्यांनंतर पहिल्या टप्प्यातील पाने पुन्हा काढावीत आणि प्रत्येकाने आपल्या पानावर स्वतःच्या हाताने भर घालावी. एकाही पानात बदल झाला नसेल, तर मुक्काम सहलीसारखा झाला असे समजावे.

यानंतर एप्रिल-मेमध्ये चार दिवसांची दुसरी फेरी करावी. हजारो मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावांतही उन्हाळ्यात विहिरी आटतात, कारण जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या दगडी पठारावरून, पाणी झरझर वाहून जाते. नळाला पाणी दिवसाआड येते का, टँकर लागतो का, हे शेजारच्या घरातील बाईला विचारावे. पाणी भरण्याचे काम तिच्याकडे असल्याने तिचे उत्तर नेमके असते.

## टप्पा ५ : पैशांचा हिशेब

भाडे आणि भाजी स्वस्त पडते, पण बचत तेवढ्याच हिशेबाने मोजू नये. वाहनाचा खर्च वाढतो, कारण घाटात टायर आणि ब्रेक लवकर झिजतात आणि प्रत्येक मोठ्या कामासाठी शहर गाठावे लागते. दुसरी गाडी लागण्याची शक्यता धरावी. इन्व्हर्टर, पाण्याची मोठी टाकी, पत्र्याचा आडोसा, पावसाळ्याची बेगमी, शहरात नातेवाइकांकडे किंवा लॉजवर करावे लागणारे मुक्काम या सगळ्यांच्या रकमा लिहाव्यात. कोल्हापुरातील घर ठेवणार असाल तर त्याचा घरफाळा आणि देखभालही चालूच राहते.

शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च आणि परत येण्याचा खर्च अशी दोन वेगळी शिल्लक ठेवावी. दुसरी बाब बहुतेक जण धरत नाहीत, आणि मग केवळ परतायला पैसे नाहीत म्हणून नको असलेल्या गावात अडकून राहतात.

## टप्पा ६ : एक पूर्ण वर्ष भाड्याने राहणे

कोल्हापुरातील घर विकू नये. भाड्याने देण्यास हरकत नाही, पण करार अकरा महिन्यांचाच करावा. गावातील घराचाही करार लेखी करून नोंदवावा. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी बंधनकारक आहे आणि "आपल्यातलेच आहेत" ही सबब दोन्ही बाजूंना पुढे जड जाते.

हलण्याची वेळ मेअखेरची ठेवावी. शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला वार्षिक निकाल लागताच मागावा आणि नव्या शाळेने प्रवेशाची लेखी खात्री दिल्यानंतरच तो प्रत्यक्ष हातात घ्यावा. जुन्या शाळेतून मुलाची ऑनलाइन नोंद हस्तांतरित झाली का, हे जुलैपर्यंत स्वतः जाऊन पाहावे. ती अडकली की शिष्यवृत्तीपासून परीक्षेच्या अर्जापर्यंत सगळे अडते.

सामान एकदम नेऊ नये. लाकडी फर्निचर, गाद्या आणि पुस्तके पहिल्या पावसाळ्यात कोल्हापुरातच राहू द्यावीत.

## टप्पा ७ : जमीन किंवा घर, सर्वांत शेवटी

वर्ष पूर्ण झाल्यावरच खरेदीकडे वळावे. येथे घाई करणाऱ्या मध्यस्थाला नकार देणे हीच पहिली पायरी.

शेतकरी नसलेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यासाठी परवानगी लागते. म्हणून गावठाणातील घर किंवा बिनशेती झालेला प्लॉट पाहावा, आणि बिनशेतीचा आदेश स्वतः वाचावा. "एनए (म्हणजे बिनशेती) होणार आहे" या शब्दांवर एक रुपयाही देऊ नये. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन असा उल्लेख असेल तर विक्रीला पूर्वपरवानगी लागते. इतर हक्कांच्या रकान्यात कूळ, वन, पुनर्वसनासाठी राखीव किंवा बँकेचा बोजा यांपैकी काही आहे का हे पाहावे. सामायिक सातबाऱ्यातील काही गुंठे घेणे हा डोंगरी भागातील वादांचा सर्वांत मोठा उगम आहे. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या नसतील तर बाजूला व्हावे. तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडे बदल झालेले असल्याने लहान क्षेत्राची नोंदणी होईल का, हे दुय्यम निबंधक कार्यालयातच विचारावे.

गावानुसार काही बाबी वेगळ्या तपासाव्या लागतात. पन्हाळ्यावर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. जुन्या घराची दुरुस्तीही यात येते. राधानगरीच्या बाजूला अभयारण्याभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे. शिवाय पश्चिम घाटाच्या प्रारूप अधिसूचनेत, जी जुलै २०२४ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली, गावाचे नाव आहे का ते पाहावे. आंबोली, चौकुळ आणि गेळे येथील कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाच्या सामायिक हक्काच्या, जमिनींचा प्रश्न जुना आणि गुंतागुंतीचा आहे. तेथे स्वतंत्र, निर्विवाद नाव असल्याशिवाय व्यवहार करू नये.

कागद स्वच्छ निघाले तरी तीन कामे उरतात : वकिलाकडून मालकी हक्काचा तीस वर्षांचा शोध, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी, आणि जागेपर्यंतच्या रस्त्याचा कायदेशीर हक्क. मध्यस्थ दाखवतो ती पायवाट शेजाऱ्याच्या मालकीची असणे अगदी सामान्य आहे. जागेच्या वरच्या अंगाला नव्याने कापलेला डोंगर, भेगा किंवा तिरकी झालेली झाडे दिसत असतील, तर किंमत कितीही कमी असो, ती जागा सोडावी.

## टप्पा ८ : नोंदी हलवणे

शिधापत्रिका, गॅसजोडणी, आधारवरील पत्ता आणि मतदार यादीतील नाव हे याच क्रमाने, आणि खरेदी पूर्ण झाल्यावरच बदलावे. भाड्याच्या वर्षात गॅसजोडणी तेवढी हलवावी आणि पावसाळ्याआधी दुसरा सिलिंडर भरून ठेवावा. आरोग्य विमा कंपनीला नवा पत्ता कळवताना त्या परिसरातील कॅशलेस रुग्णालयांची यादी मागून घ्यावी. वृद्धांच्या औषधांचा दोन महिन्यांचा साठा मेअखेरीस घरात असावा आणि तो कोणत्या डब्यात आहे हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

कोणत्याही टप्प्यावर उत्तर नाही असे आले, तर ते कोणत्या कारणाने आले आणि ते कारण कधी बदलू शकते हे पहिल्या टप्प्यातील पानांवर तारखेसह लिहून ठेवावे. धाकट्या मुलाची बारावी झाल्यावर किंवा निवृत्तीनंतर हीच पाने काढून दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करता येते. पावसाळी मुक्काम मात्र तेव्हाही नव्याने करावा, कारण तोवर रस्ते, शाळा आणि घरातल्यांच्या प्रकृती या तिन्ही गोष्टी बदललेल्या असतात.